दुखायचं थांबलं तेव्हा

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर एकोणीस.
आठ खाटा, एक एसी, सगळ्यांत मिळून तीन प्लग.
अश्फाक होडेकर, वेसवीचा, फेरीबोटीच्या धक्क्यालगत घर,
खालच्या डाव्या दाढेत लवंग दाबून
पाइपांना वेल्डिंग मारायचा.
मुखवट्याच्या आत लवंगेचा वास,
बाहेर ऑगस्ट.

दातांच्या दवाखान्याची पाटी आम्ही सगळेच वाचायचो
बसच्या खिडकीतून, जाताना, येताना.
दाढ काढायचे वीस रियाल.
कंपनीच्या विम्यात हात येतो, पाय येतो, डोळा येतो,
दात येत नाही.
जणू तो माणसाला नंतर चिकटवलाय.
वीस रियाल म्हणजे साबिराच्या क्लासचे दोन महिने,
हे त्यानं बोटांवर मोजून दाखवलं.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
तो भरत होता.

जा रे, दाखव, म्हणून मी दाताच्या कण्या केल्या,
असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.
खरं तर दोनदाच म्हटलं.
तिसऱ्यांदा बॅगेतून पट्टी काढून दिली,
माझ्या खोकल्याच्या वेळची, उरलेली.
पाच कॅप्सूल, लाल-पिवळ्या.
त्यानं तीन खाल्ल्या, दोन ठेवल्या
पुढच्या वेळेला.

गुरुवारी दुखायचं थांबलं.
त्यानं स्वतःच्या पैशानं सुरमई आणली, तिरफळं काढली
घरून आलेल्या डब्यातली,
आणि डाव्या बाजूनं चावून दाखवलं आम्हाला,
लहान पोर दाखवतं तसं.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

दाढ बरी झाली नव्हती. मेली होती.
आतली नस गेली, ओरडणारं कुणी उरलं नाही,
आणि पू आपला हाडातून वाट काढत
खाली, मानेकडे.

शनिवारी हनुवटीखाली लिंबाएवढं.
रविवारी हनुवटीच नाही,
जबडा न् मान एक, फळीसारखी कडक.
बोट दाबलं तर खळगा पडेना.
फोरमन म्हणाला, दातानं कोण मरतंय, बर्फ लाव.
आम्ही बर्फ लावला.

रात्री दोनला तो खाटेवर उठून बसला.
आडवं होता येईना. लाळ गिळता येईना,
टॉवेल भिजून जड झालेला.
जीभ वर टाळ्याला टेकलेली,
खालून कुणी रेटल्यासारखी.
माझं नाव घ्यायला गेला तर नुसते स्वर आले,
व्यंजनं सगळी आत अडकलेली.

कॅम्पची गाडी नव्हती. पाण्याचा टँकर होता.
सुंदरमणी थापानं तो चालवला, सिग्नल न बघता.
मी अश्फाकला मागून धरून ठेवला, ताठ,
कारण मान कलली की घशात शिट्टी वाजायची.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी टॉर्च मारला
आणि त्या धावल्या.
डॉक्टरला धावताना मी पहिल्यांदा पाहिलं.
गळ्याला भोक पाडून श्वास आणला,
हनुवटीखाली दोन चिरा, दोन नळ्या.
किती दिवसांपासून? त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.
मी म्हटलं, गुरुवारी बरा झाला होता.
त्या काही बोलल्या नाहीत.
नर्स म्हणाली, उद्या आणला असता
तर छातीत उतरलं असतं.

अश्फाक आता वेसवीला असतो. फोन करतो.
आवाज खरखरीत, नांगर ओढल्यासारखा.
साबिराचे मार्क सांगतो, कोळंबीचा भाव सांगतो.
त्या गोळ्यांचं कधीच काढत नाही.
मी प्रत्येक वेळी वाट बघतो, काढेल म्हणून.

काल मी त्या पाटीखाली उतरलो.
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, कुठला दुखतोय?
म्हटलं, वरचा उजवा. महिनाभर दुखत होता.
परवापासून दुखत नाही.
तिनं पेन खाली ठेवलं
आणि आत हाक मारली.